टॅबलेटवरची समई

प्रकाश ही माणसाची पहिली प्रार्थना आहे, आणि तेवत्या ज्योतीसमोर उभा राहिलेला माणूस कितीही लहान असला तरी त्या क्षणापुरता अंधाराहून मोठा असतो.

हे वाक्य माझं आहे. रत्नागिरीतल्या आमच्या वाचनालयाच्या निमंत्रणपत्रिकेत पहिल्या पानावर दोन ओळींची जागा मोकळी राहतेय, असा छापखान्यातून अध्यक्षांना फोन आला आणि अध्यक्षांनी मला फोन केला. चहा उकळेपर्यंत मी हे लिहून पाठवलं. त्यांना फार आवडलं. “कोणाचं आहे?” त्यांनी विचारलं. माझं म्हटलं असतं तर त्यांनी त्यातले दोन शब्द बदलले असते. “जुनं आहे,” मी म्हटलं. ते तसंच्या तसं छापून आलं.

निमित्त होतं नव्या बालविभागाच्या उद्घाटनाचं. बालविभाग म्हणजे दोन कपाटं, एक सतरंजी आणि भिंतीवर रंगवलेला एक जिराफ. जिराफाची मान छताला टेकल्यावर चित्रकाराने ती आडवी वळवून घेतली आहे. पण उद्घाटन म्हटलं की दीपप्रज्वलन आलं, आणि दीपप्रज्वलन हा आमच्याकडे नाजूक विषय होता.

वाचनालयाचं सभागृह वरच्या मजल्यावर आहे आणि त्याच्या सगळ्या खिडक्या पश्चिमेला आहेत. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो तो अंधार पडेपर्यंत थांबत नाही. खिडक्या लावून घ्याव्यात तर आतले लोक घामाने भिजतात. आदल्या वर्षीच्या कार्यक्रमात समई तीनदा विझली. एकदा पाहुण्यांनी मेणबत्ती मागे घेतली तेव्हाच, एकदा सरस्वतीस्तवनाच्या मध्यावर, आणि तिसऱ्यांदा अध्यक्ष ‘ज्ञानाचा हा नंदादीप’ असं म्हणत असताना. अध्यक्षांनी माईकवरून व्यवस्थेतील त्रुटींबद्दल दिलगिरी व्यक्त केली. व्यवस्था म्हणजे मावशी.

मावशी वाचनालयात अकरा वर्षं आहेत. दार उघडणं, झाडलोट, वर्तमानपत्रं काठीला लावणं, पुस्तकं देणं-घेणं, आणि कोणता वाचक कोणत्या पुस्तकाची शेवटची पानं फाडतो हे लक्षात ठेवणं, ही सगळी कामं त्यांची. त्या संगमेश्वराच्या आतल्या बाजूच्या एका गावच्या. नवरा मुंबईला एका कॅन्टीनमध्ये. ही अकरा वर्षं त्या हंगामीच आहेत. त्यांना कायम करण्याचा ठराव दर वर्षी कार्यकारिणीपुढे येतो, हरकत निघते आणि तो पुढच्या सभेत जातो. समई तीनदा विझली त्या वर्षी तर अध्यक्ष म्हणाले, आजचा प्रसंग या विषयाला योग्य नाही. ठराव पुन्हा पुढे गेला.

यंदा कार्यकारिणीची सभा उद्घाटनाच्याच दिवशी, कार्यक्रम संपल्यावर ठेवली होती. आठवडाभर आधी मावशी मला वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी म्हणाल्या, “दादा, यंदा नाय झालं तर मी गावाला जाते. अकरा वर्सं हंगामी. आंबासुदा एवढा हंगामी नसतो.”

मी कार्यकारिणीचा निमंत्रित सदस्य आहे. निमंत्रित सदस्याला मत नसतं, चहा असतो. पोटापाण्यासाठी मी घराच्या वरच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी मोबाइल ॲप लिहितो. गावातल्या बहुतेकांच्या समजुतीप्रमाणे मी फोन दुरुस्त करतो. अध्यक्षांना मात्र फरक माहीत होता. पावसला त्यांच्या हापूसच्या बागा आहेत आणि मुलगी परदेशात याच धंद्यात आहे.

“तुम्ही ॲप करता ना,” ते म्हणाले, “मग एक समई करा. न विझणारी. वाचनालयाचा टॅबलेट आहेच, तो चौरंगावर उभा करू. पाहुण्यांनी बोट लावलं की पाच ज्योती पेटल्या पाहिजेत. डिजिटल दीपप्रज्वलन. पत्रिकेत तसं घालतो.”

त्यांनी तसं घातलं. पाच ज्योतींची समई मला करावी लागली.

ज्योत काढणं सोपं निघालं. पानासारखा एक बंद आकार, तळाशी निळसर, मध्ये पिवळा, टोकाला नारिंगी. एक आकडा कमी-जास्त होत राहतो आणि त्याप्रमाणे टोक झुकतं. पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगतो, दर वेळी टोक केसभर सरकलेलं असतं, आणि बघणाऱ्याला ज्योत हलल्यासारखी वाटते. मी ते चित्र अध्यक्षांना पाठवलं. त्यांचा फोन आला.

“छान आहे. पण पाहुणे मोठे आहेत हो. ज्योतीभोवती जरा तेज पाहिजे. देवाच्या तसबिरीत असतं तसं.”

तेज अवघड निघालं. ज्योतीची कड धूसर करून बाहेर पसरवण्याची जी सोय आहे, ती माझ्या कामात काही केल्या दिसेना. शोधता शोधता कुठल्याशा जुन्या चर्चेत कुणीतरी सुचवलेली कोडची एक ओळ सापडली. ती टाकली आणि तेज प्रकटलं. पाचही ज्योती एकदम एखाद्या संस्थानिकाच्या देवघरातल्या वाटायला लागल्या.

ती ओळ काय करते, हे मला माहीत होतं. त्यामुळे अज्ञानाची सबब मला नाही. प्रत्येक फोनात मुख्य प्रोसेसरच्या जोडीला चित्रं काढण्यासाठी वेगळा ग्राफिक्स प्रोसेसर असतो. मुख्य प्रोसेसर विद्वान आहे, त्याला सगळं येतं, पण एका वेळी एकच. ग्राफिक्स प्रोसेसरला फारसं काही येत नाही, पण जे येतं ते तो हजार हातांनी एकदम करतो. भाताच्या खाचरात वीस बायका ओळीने लावणी करतात तसं. ॲपमधलं चित्र त्याच्याकडे सोपवणं म्हणजे हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन. नाव भारदस्त आहे, मतलब एवढाच. आणि माझी ती ओळ फोनला सांगत होती की या समईपुरतं वीस बायकांना घरी पाठव आणि विद्वानाला एकट्याला चिखलात उतरव.

विद्वानाने तक्रार केली नाही. निदान माझ्या फोनवर तरी नाही. माझा फोन नवा होता आणि मी समई दोन मिनिटं चालवून पाहिली होती. दीपप्रज्वलन किती वेळ चालतं? फोटोग्राफरने “सर, जरा इकडे” असं तीनदा म्हणेपर्यंत. दोन मिनिटं पुष्कळ झाली. टॅबलेटवर ॲप टाकलं, मावशींना बोट कुठे लावायचं ते दाखवलं आणि घरी गेलो.

उद्घाटन संध्याकाळी पाचला होतं. काही राहिलंय का बघायला मी दुपारी साडेबाराला सभागृहात गेलो. चौरंगावर टॅबलेट उभा, त्याला झेंडूचा हार, पुढ्यात हळदकुंकू, आणि पाचही ज्योती पेटलेल्या. टॅबलेटच्या पाठीमागे ओल्या नॅपकिनची घडी ठेवली होती. शेजारी स्टुलावर मावशी बसल्या होत्या आणि हातपंख्याने टॅबलेटला वारा घालत होत्या.

वाऱ्याने दिवा विझतो म्हणून आम्ही हा दिवा आणला होता.

“दादा, बरं झालं आलात,” मावशी म्हणाल्या. पंखा थांबला नाही. “ताप आलाय याला. हात लावून बगा.”

मी हात लावला. नुकत्याच उतरवलेल्या तव्याइतका नाही, पण त्या दिशेने निघालेला होता. ज्योती अडखळत होत्या. झुकलेलं टोक मध्येच थबकायचं आणि मग एकदम दुसऱ्या बाजूला दिसायचं. चार्जरची वायर लावलेली होती, तरी बॅटरी एकोणीस टक्क्यांवर होती.

“कधीपासून चालू आहे?”

“नऊ चाळीसला लावला. गुरुजी बोलले नऊ चाळीसचा मुहूर्त, त्याच्यामागून चांगला नाय.”

“अहो, पण पाहुणे पाचला येणार.”

“पाहुण्यांना मुहूर्त कोणी विचारला? त्यांना गाडी मिळंल तसे येतील.”

“मग आता बंद करा. पाचला परत लावू.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. शेवटची पानं फाडणाऱ्या वाचकाकडे त्या अशाच बघतात.

“लावलेला दिवा कोण हातानं बंद करतं का?”

“मावशी, तो दिवा नाहीये. चित्र आहे.”

“मंग पत्रिकेत तसं घाला. चित्रप्रज्वलन.” त्यांनी पंखा दुसऱ्या हातात घेतला. “गेल्या साली तीनदा गेला. तवा माईकवरून बोलले. आज मी माज्या हातानं विझवू, आणि संध्याकाळी सभा?”

मी अग्नीवर श्रद्धा असलेला माणूस नाही, निमंत्रणपत्रिकेत काहीही लिहीत असलो तरी. पण मावशींचं म्हणणं तर्काला धरून होतं. संपूर्ण वाचनालयाने या वस्तूला दिवा म्हणायचं ठरवलं होतं. गुरुजींनी तिला मुहूर्त दिला होता. मग दिव्याचे नियम तिला लागू करणारी बाई एकटीच चुकते, असं म्हणता येईना. आणि खरं सांगायचं तर चूक माझी होती. ज्या गावात लावलेला दिवा कुणी विझवत नाही, तिथे मी दोन मिनिटांचा दिवा करून दिला होता.

मी घरून लॅपटॉप आणला आणि बालविभागात जिराफाखाली सतरंजीवर बसलो. दार उघडं होतं, त्यामुळे सभागृहातल्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता. ते माझं घड्याळ.

पहिल्यांदा मी फक्त ती ओळ काढून टाकली आणि माझ्या फोनवर पाहिलं. गती सुधारली, तेज गेलं. पाच ज्योती पाच मिरच्यांसारख्या दिसायला लागल्या. मग दुसरी युक्ती केली. समईचं अख्खं चित्र ग्राफिक्स प्रोसेसरकडे एक तयार थर म्हणून द्यायचं, म्हणजे तो नुसता थर मांडेल. हे ऐकायला शहाणपणाचं आहे. पण थर तयार ठेवण्याचा उपयोग तो बदलत नसेल तर. माझ्या ज्योती सेकंदाला साठ वेळा बदलत होत्या, म्हणजे थर साठ वेळा पुसून साठ वेळा नव्याने होत होता. पहिल्यापेक्षा काम वाढलंच.

तेव्हा मी हात थांबवून, खरं म्हणजे काय हलतंय, हे बघितलं. अशी वेळ फार क्वचित येते. आपण लिहिलेलं आपल्याला माहीत आहे अशीच समजूत असते. पितळेची समई हलत नव्हती, तरी मी ती दर वेळी नव्याने घडवत होतो. तेज हलत नव्हतं. ते धुकं दर वेळी तेच होतं, आणि तेच तर सगळ्यात महाग होतं, कारण धूसर करायचं म्हणजे एकेका ठिपक्यासाठी आजूबाजूच्या शेकडो ठिपक्यांची विचारपूस करायची. विद्वान बिचारा सकाळपासून बहुतेक वेळ तेच करत होता. हलत होती ती ज्योतींची टोकं. त्यांचा खर्च जवळपास काहीच नव्हता. सगळी उष्णता त्या मोठ्या पाहुण्यांसाठी मागवलेल्या तेजोवलयाची होती. मी अनेक समारंभांना गेलो आहे, पण हिशेब इतका स्वच्छ कधी दिसला नव्हता.

मग काम सरळ झालं. समई एकदाच काढून ठेवली. तेज एकदाच धूसर करून त्याचं चित्र बाजूला ठेवलं. आता दर वेळी नव्याने काढायचं ते ज्योतीचं पान तेवढं. तेजाचं तयार चित्र ज्योतीमागे मांडायचं, किंचित लहान-मोठं करायचं, किंचित फिकं-गडद करायचं. ही कामं ग्राफिक्स प्रोसेसर झोपेत करतो. सेकंदाला साठची गरजही नव्हती. बंद देवघरातली ज्योत इतकी धावपळ करत नाही. तीस केले, आणि उलट जास्त खरी दिसायला लागली.

माझ्या फोनवर नवी समई दहा मिनिटं चालवली. फोन थंड. मी सभागृहात गेलो. टॅबलेट अकरा टक्क्यांवर आला होता. मावशींनी पदर खोचला होता आणि पंखा दोन्ही हातांनी धरला होता.

“झालं,” मी म्हटलं. “फक्त नवीन ॲप टाकताना जुनं बंद होतं. अर्धा मिनिट.”

“म्हंजे विझणार.”

“अर्धा मिनिट, मावशी.”

“गेल्या साली पण अर्धा मिनिटच गेला होता.” त्यांनी पंखा थांबवला. मग माझ्या हातातल्या फोनकडे बोट दाखवून म्हणाल्या, “नवीन ह्याच्यात हाय ना? मंग आदी ह्याच्यावर लावा. याच्यावरनं. तो पेटला की याला शांत करा. मंग याचं काय ते करा, आणि परत त्याच्यावरनं याच्यावर लावा. नवरात्रात वात बदलतात ती कशी बदलतात?”

मी वीसेक वर्षं पडद्यावर चित्रं हलवतो आहे. पडदा स्वतः हेच करतो. एक चित्र लोकांपुढे असतं, तेवढ्यात मागे दुसरं तयार होतं, आणि ते पुरतं झाल्याशिवाय पहिलं काढत नाहीत. म्हणून तर बघणाऱ्याला मधला अंधार कधी दिसत नाही. या पद्धतीला आमच्याकडे नाव आहे, त्यावर व्याख्यानं होतात. मावशींनी ती हातपंखा थांबवून सांगितली.

मी फोन टॅबलेटला टेकवला. तांत्रिकदृष्ट्या टेकवण्याची काही गरज नव्हती. मावशींनी हात जोडले. मी फोनवर बोट लावलं, पाच ज्योती पेटल्या, आणि मग टॅबलेटवर बोट लावलं. तिथल्या शांत झाल्या. मावशींनी फोन चौरंगावर उभा केला आणि टॅबलेटवरचा हार काढून त्याला घातला. फोन हारात जवळजवळ दिसेनासा झाला.

टॅबलेट निवायला खिडकीत ठेवला. तेवढ्यात चौरंगावरची समई नाहीशी झाली आणि तिच्या जागी अध्यक्षांचा फोटो आला. त्यांचा फोन येत होता.

“गेला?” मावशी स्टुलावरून उठल्या.

“गेला नाही. मागे आहे.”

“मागे म्हंजे?”

“अध्यक्ष पुढे आलेत.”

“मंग ठीक हाय,” मावशी बसल्या. “उचलू नका. दमले की जातील.”

दमून फोन गेला, समई परत दिसली, आणि मी फोनचं नेटवर्क बंद केलं. हे आधी सुचायला हवं होतं. फोन लागत नाही म्हणून अध्यक्ष अर्ध्या तासाने स्वतःच आले. तोवर टॅबलेट निवला होता, थोडाफार चार्जही झाला होता आणि आम्ही नवं ॲप टाकून ज्योत त्याच्यावर परत आणली होती. अध्यक्षांनी चौरंगासमोर उभं राहून मान तिरकी केली.

“तेज कमी वाटतंय हो. काल जास्त होतं.”

तेज तेवढंच होतं. ते आता स्वस्त झालं होतं एवढंच. मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाल्या, “दुपारचं ऊन हाय साहेब. सांजच्याला बगा, डोळे दिपतील.” अध्यक्षांना हे पटलं. ते खुर्च्या मोजायला गेले.

चारच्या सुमारास मी सुटकेचा चहा पीत होतो, तेव्हा मावशींनी विचारलं, “दादा, पाहुणे बोट लावणार. हा तर पेटलेला हाय. मंग काय होईल?”

मी कप खाली ठेवला. विजेच्या बटणासारखी सोय मीच केली होती, बोट लावलं की पेटतो आणि परत लावलं की विझतो. प्रमुख पाहुणे शंभर माणसांसमोर, कॅमेऱ्याकडे बघत, आमच्या बालविभागाचा दिवा स्वतःच्या हाताने विझवणार होते.

मी जिराफाखाली परत गेलो. आता बोट लावलं की ज्योती वीतभर उंच होतील आणि सावकाश मूळ जागी येतील, असा बदल केला. पुन्हा फोनवर समई लावली, टॅबलेट शांत केला, नवं टाकलं, फोनवरून टॅबलेटवर लावली. दुसऱ्या खेपेला हात सरावले होते. या वेळी मावशींनी हात जोडले नाहीत, वायर धरली.

प्रमुख पाहुणे पावणेसहाला आले. वारा ऐन भरात होता. सरस्वतीच्या तसबिरीवरचा हार दोनदा सरळ करावा लागला, स्वागतगीताचा कागद उडून दुसऱ्या रांगेत गेला. पाहुण्यांनी बोट लावलं. पाच ज्योती उंच उसळल्या, सभागृहातून ‘वा’ असा आवाज उठला आणि टाळ्या पडल्या. माझ्या पुढच्या रांगेत रोज सकाळी वर्तमानपत्रं वाचायला येणारे दोन निवृत्त गृहस्थ बसले होते.

“अहो, आधीच पेटलेला होता की,” एक म्हणाले.

“गप्प बसा, फोटो चाललाय.”

“पण मी आलो तेव्हापासून—”

“तुम्ही आलात तेव्हापासून जिराफाचंसुद्धा उद्घाटन झालेलंच आहे. बसा.”

पाहुणे तासभर बोलले. ज्ञान, संस्कार, वाचनाची घटती आवड असे सगळे मुक्काम त्यांनी घेतले. मी त्यातलं फार ऐकलं नाही. मी चौरंगाच्या बाजूला बघत होतो. मावशी तिथे खाली बसल्या होत्या आणि त्यांचा तळहात टॅबलेटच्या पाठीवर होता. दर थोड्या वेळाने त्या हात काढायच्या, पालथा करून पुन्हा लावायच्या, आणि माझ्याकडे बघून मान हलवायच्या. ताप नव्हता. अध्यक्षांनी आभार मानले तेव्हा समईचा उल्लेख ‘आमच्या तांत्रिक समितीचं यश’ असा केला. अशी समिती असल्याचं मला तेव्हा कळलं. मावशींना कळलं का ते माहीत नाही, त्या वायर गुंडाळत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर टॅबलेट बंद करायचा प्रश्न आला आणि तो मावशींनी लगेच सोडवला. चार्जर काढायचा आणि तसाच राहू द्यायचा. तेल संपलं की दिवा आपोआप शांत होतो. त्यांनी तो सभागृहातून काढून बालविभागाच्या कपाटावर ठेवला. ओळ बदलण्याआधी तो चार्जरशिवाय तासभरही निघाला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दार उघडलं तेव्हा तो तेवत होता, आणि दुपारपर्यंत तेवला. नव्या पुस्तकांची नोंद त्याच टॅबलेटवर करायची असल्यामुळे ती एक दिवस लांबली. हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशनचा हा तोटा कुठे लिहिलेला मी वाचला नव्हता.

कार्यकारिणीची सभा उद्घाटनाच्याच संध्याकाळी खाली वाचनकक्षात झाली. मी निमंत्रित म्हणून टेबलाच्या टोकाला बसलो. मावशींचा विषय चौथा होता. मी मनात बरंच जुळवून ठेवलं होतं. दिवसभरात काय झालं ते सांगायचं, पंखा, ओला नॅपकिन, ज्योत एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर नेण्याची कल्पना कोणाची, हे सगळं. मत नसलं तरी बोलता येतं. मावशी चहा देऊन दाराबाहेर थांबल्या होत्या. कप परत न्यायचे होते, त्यामुळे त्यांना तिथे थांबायला कारण होतं.

अध्यक्षांनी विषय वाचला. “सेविकेस कायम करणेबाबत. कोणाची हरकत?” त्यांनी टेबलावरून नजर फिरवली. मी घसा साफ केला. “नाही? मग मंजूर. विषय पाच, पंख्याची दुरुस्ती.”

मला वाटतं सगळं मिळून अर्धं मिनिट गेलं असेल. बाहेर ट्रेचा आवाज झाला. सभा संपल्यावर मी मावशींना म्हटलं, “झालं बघा. दिव्याने राखलं.” त्यांनी कप ट्रेमध्ये एकात एक ठेवले, पदराने डोळे पुसले आणि ट्रे उचलला.

इतिवृत्त लिहिताना चिटणिसांनी हजेरीची नोंद केली तेव्हा कारण कळलं. अकरा वर्षं या ठरावाला हरकत घेणारे सदस्य एकच होते, आणि ते त्या दिवशी भाचीच्या लग्नासाठी चिपळूणला गेले होते.